सुप्याच्या माळावरचा उन्हाळा

चौफुल्याहून मोरगावकडे जाताना वाटेत सुपे लागतं. मोरगावच्या गणपतीचं नाव मिळालेलं मयूरेश्वर अभयारण्य इथलंच. १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं. एप्रिलमध्ये पहिल्यांदा आलेल्याला प्रश्न पडतो, की यात जंगल कुठं आहे? समोर वाळलेलं गवत, मुरमाड उतार आणि मधूनमधून हिवर, बोर, बाभळी. चिंकाऱ्याला नेमकं हेच लागतं.

त्याला बघायचं तर सकाळी लवकर यावं. ऊन तापायच्या आत तो चरून घेतो आणि मग बाभळीच्या विरळ सावलीत बसून राहतो. अंगाचा रंग गवतात मिसळून जातो. आधी नजरेत भरते ती सारखी हलणारी काळी शेपटी. पाल्या-शेंगांमधल्या ओलाव्यावर तो बरेच दिवस काढू शकतो, तरी वैशाखात पाणवठ्यावर येतोच.

अभयारण्याची खरी कसोटी या पाणवठ्यांवर लागते. पाणी आटलं की टँकर आणावा लागतो, पण नुसतं भरून भागत नाही. शेवाळ आणि गाळ खरवडून काढायचा, तडे बुजवायचे. काठ उतरता हवा. उभ्या भिंतीच्या टाक्यात ससा किंवा पिल्लू पडलं तर त्याला वर येता येत नाही. पखुर्डी पाण्यावर आल्या की हा उतार किती मोलाचा ते कळतं. थवा सकाळी उतरतो. चोची बुडवून पाणी पिऊन होतं, पण पिल्लांचा बाप लगेच उडत नाही. तो पाण्यात पोटापर्यंत शिरतो, अंग हलवून पोटाची पिसं भिजवतो आणि ते पाणी घेऊन माळावर जातो. पिल्लं ओली पिसं चोचीत धरून तहान भागवतात. त्याच्या वाटेत पाण्याची कड सुटून नुसता चिखल उरला असेल, तर त्या दिवशी पिल्लं तहानलेली राहतात.

उन्हाळ्याआधी गवत कापून, जाळून जाळरेषा काढतात. एखाद्याच्या विडीने पेटलेला वणवा एवढासा माळ दुपारभरात संपवू शकतो. मोकाट कुत्र्यांचा धोका बारमाही. चिंकाऱ्याची पाडसं त्यांच्या तावडीत सहज सापडतात. लांडगा, खोकड, तरस हे मात्र माळाचे हक्काचे रहिवासी.

माळ म्हणजे पडीक जमीन, हा समज मला मनापासून सलतो. त्याच समजापायी राज्यातल्या कितीतरी माळांवर गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली गेली, आणि सावली वाढली तसं गवत हटलं. गवत गेलं की धाविक आणि चंडोलही जातात.

बुद्धपौर्णिमेला राज्यातल्या अभयारण्यांत मचाणावरून प्राण्यांची नोंद होते, तेव्हा हौसेने येणारे बरेच असतात. येणाऱ्यांनी गाडी रस्त्याखाली उतरवू नये. धाविक आणि माळटिटवी या दिवसांत उघड्या मुरमावरच अंडी घालतात, आणि ती खड्यांसारखीच दिसतात.