दोन किलोबाइटांची पाटी

जालन्यासारख्या गावी, जिथे बियाण्यांची पाकिटे, लोखंडी सळया आणि मोसंबी या तीन जिनसांवाचून व्यापाराची गोष्ट पुरी होत नाही, तिथे सुमारे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी खेळण्यांच्या दुकानांतून एक विलक्षण यंत्र विकावयास येत असे, ज्याचे रूप संगणकाचे, अंतःकरण जपानी खेळयंत्राचे आणि जन्मभूमी चीनची होती, आणि ज्याला आम्ही मुले, या वंशावळीची यत्किंचितही खबर नसल्यामुळे, सरसकट ‘टीव्ही गेम’ म्हणत असू. करड्या प्लास्टिकचा कळफलक, त्याच्या पाठीवर कॅसेट खोचण्याची खाच, दोन रिमोट, एक बंदूक आणि टीव्हीला जोडावयाच्या तारा, असा सारा सरंजाम खोक्यातून निघे. दुकानदार मुलांना मारिओ दाखवी आणि वडिलांना कळफलक. ‘अभ्यासाला उपयोगी आहे’ हे त्याचे एकच वाक्य असे, आणि त्या एका वाक्यावर आमच्या घरची मंजुरी मिळाली.

ही सबब त्या दुकानदाराने शोधून काढलेली नव्हती; ती त्या यंत्राबरोबरच जन्मास आली होती. निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानात जे खेळयंत्र बाजारात आणले त्याचे नावच मुळी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ होते, आणि त्या नावाची लाज राखण्यापुरती तजवीज म्हणून की काय, २१ जून १९८४ रोजी शार्प आणि हडसन सॉफ्ट या दोन कंपन्यांच्या सहकार्याने १४,८०० येन किमतीला एक कळफलक व एक कॅसेट असा संच निघाला. त्याचे नाव ‘फॅमिली बेसिक’. ही जी बेसिक भाषा, ती अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन गणिताच्या अध्यापकांनी, विज्ञानाशी ज्यांचा संबंध नाही अशा विद्यार्थ्यांनाही संगणक हाताळता यावा एवढ्याच हेतूने रचिली, आणि १ मे १९६४ च्या पहाटे चार वाजता ती प्रथम चालली. योगायोगाला अर्थ चिकटविण्याची मला खोड नाही. तरीपण त्याच १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी स्थापिली आणि पुढे १ मे याच तारखेला, १९८१ साली, जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, ही नोंद जालनेकराच्या लेखणीतून निसटणे कठीण.

बेसिकची थोरवी तिच्या साधेपणात आहे. प्रत्येक ओळीला क्रमांक असतो, आणि हे क्रमांक दहा, वीस, तीस अशा अंतराने द्यावयाचे असतात, म्हणजे सातबाऱ्यावर मागाहून पोटहिस्सा पडावा तशी पंधरा क्रमांकाची ओळ मध्येच घुसविता येते. ‘प्रिंट’ म्हटले की अक्षरे उमटतात, ‘गोटू’ म्हटले की यंत्र सांगितलेल्या ओळीकडे जाते, ‘इफ’ आणि ‘देन’ यांनी ‘असे असेल तर तसे कर’ हा व्यवहार पार पडतो. आणि ‘रन’ हा शब्द उच्चारीपर्यंत यंत्र एखाद्या मुरलेल्या कारकुनाप्रमाणे काही न बोलता बसून राहते. फॅमिली बेसिकने या जुन्या सामग्रीत एक अपूर्व भर घातली. मारिओसारखी पात्रे कॅसेटमध्ये अगोदरच चितारून ठेविली होती, आणि ‘डेफ मूव्ह’ या आज्ञेने पात्र कोणते, दिशा कोणती, वेग किती आणि अंतर किती एवढे आकडे सांगून, ‘मूव्ह’ म्हणताच ते पात्र पडद्यावर चालू लागे. दिशांना आकडे होते: एक म्हणजे वर, आणि तेथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत आठपर्यंत; तीन म्हणजे उजवीकडे. इतर घरगुती संगणकांवर ज्यासाठी पानेच्या पाने लिहावी लागत, ते येथे एका ओळीत साधे. पुढे पोकेमॉनचा जनक म्हणून जगाला ठाऊक झालेल्या सातोशी ताजिरी यांनी या खेळयंत्राचे अंतरंग समजून घेण्यासाठी फॅमिली बेसिकच विकत घेतले होते.

जागा मात्र फारच तुटपुंजी होती. सुरुवातीच्या संचाच्या कॅसेटमध्ये स्मृती दोन किलोबाइटांची, आणि भाषा सुरू होताच पडद्यावर कबुलीजबाबासारखी ओळ उमटे की तुमच्यासाठी १९८२ बाइट शिल्लक आहेत. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह आज संगणकात तीन बाइट घेते, त्या हिशेबाने या लेखाचा पहिला परिच्छेदही त्या जागेत मावला नसता. १९८५ साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीत ही जागा दुप्पट झाली, इतकेच. लिहिलेले जतन करण्यासाठी जपानी मुले टेपरेकॉर्डर जोडून ध्वनिफितीवर उतरवीत, म्हणजे तेथे कॅसेट खरोखरीची कॅसेट होती.

आमच्याकडे आलेल्या यंत्राला ती सोय नव्हती. त्यातील बेसिक हे बव्हंशी फॅमिली बेसिकचेच अनौरस अपत्य होते, परंतु बटण बंद होताच पाटी कोरी होई. आणि तो काळ मराठवाड्यात भारनियमनाचा, जेव्हा बटण बंद करण्याचा अधिकार आपल्याकडे नसून महावितरणच्या वेळापत्रकाकडे असे. तेव्हा माझ्या थोरल्या भावाने जो उपाय काढला तो त्या परिस्थितीत कोणालाही सुचला असता: त्याने दोनशे पानी वही घेतली. वीज नसताना वहीत ओळी लिहावयाच्या, मनाशी चालवून पाहावयाच्या, चुकीच्या ओळीवर काट मारावयाची, आणि वीज आली की घाईघाईने टंकावयाच्या. खोक्यातली पुस्तिका चिनी लिपीत होती. तिच्यातील आज्ञा तेवढ्या रोमन अक्षरांत असल्याने आम्ही त्या चित्रांसारख्या उतरवून घेत असू आणि काय घडते ते पाहून अर्थ लावीत असू. एकदा ‘तीन’ ऐवजी ‘सात’ लिहिल्यामुळे मारिओ उलटा चालत गेला, आणि दिशांचे कोडे त्या दिवशी उलगडले. यंत्राने आम्हांला जेवढे शिकविले त्याहून अधिक त्या वहीने शिकविले, असे माझे मत आहे. कारण यंत्रासमोर मनुष्य चाचपडतो, आणि वहीसमोर त्याला विचार करण्यावाचून गत्यंतर नसते.

सबबीचा इतिहास येथे संपत नाही. चीनमध्ये ‘सुबोर’ या कंपनीने नव्वदीच्या दशकात कळफलकाचे असेच यंत्र ‘अध्ययनयंत्र’ म्हणून विकले, जॅकी चॅनकडून त्याची जाहिरात करविली, आणि तेथील आईबापही आमच्या वडिलांप्रमाणेच भुलले. त्या कंपनीचा कारभार पाहणारे दुआन योंगपिंग यांनी नंतर ‘बीबीके’ काढली, जिच्यातून ओप्पो आणि व्हिवो हे फोन निघाले. म्हणजे आज जालन्याच्या बाजारात निम्म्या पाट्यांवर दिसणाऱ्या नावांचे कूळ त्या कळफलकापर्यंत पोहोचते. सोनी कंपनीने तर कमाल केली. २००० साली युरोपात विकलेल्या प्लेस्टेशन २ बरोबरच्या तबकडीत तिने ‘याबेसिक’ नावाचे बेसिक घातले, ते मुलांच्या कल्याणाचा कळवळा येऊन नव्हे, तर जकातीच्या दप्तरी ते यंत्र खेळणे म्हणून नव्हे, संगणक म्हणून नोंदले जावे आणि आयातशुल्क वाचावे म्हणून. जकात चुकविण्यासाठी शाळा उघडल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

एरवी खेळयंत्रांचे दरवाजे उत्तरोत्तर बंदच होत गेले. निर्मात्याच्या परवान्यावाचून त्यांच्यावर काही चालविता येऊ नये अशी कुलपे बसली, आणि हौशी माणसाला एक तर कुलूप फोडावे लागे किंवा नुसते खेळत बसावे लागे. अपवाद थोडे. सोनीने एकदा हौशी लोकांसाठी ‘नेट यारोझे’ नावाचे काळे प्लेस्टेशन विकले, पण त्याला ‘सी’ भाषा यावी लागे आणि खिशात वजनही लागे. खरा वारसा चालविला तो जपानातील साप्पोरो शहराने: हडसन सॉफ्ट तेथलीच, आणि २०११ साली निन्टेंडोच्या हातातील यंत्रावर ‘पेटिट कॉम्प्युटर’ नावाने पुन्हा बेसिक आणणारी ‘स्माइलबूम’ कंपनीही तेथलीच. पुढे त्याच कंपनीचे ‘स्माइलबेसिक’ निन्टेंडो स्विचपर्यंत पोहोचले, आणि इंग्लंडातून ‘फ्यूझ’ आले. यांत जागेची टंचाई नाही, रंगांची नाही, जतन करण्याची चिंता नाही. मला ते थोडे बेचव वाटते. हा वयाचा दोष समजावा.

आमच्या स्वस्त यंत्राची दखल एकदा परदेशी विद्वानांनीही घेतली. डेरेक लोमास या अमेरिकी संशोधकाने भारतातील बाजारात हे बारा डॉलरांच्या आसपास मिळणारे यंत्र पाहिले आणि त्यावर शैक्षणिक खेळ रचण्यासाठी ‘प्लेपॉवर’ हा उपक्रम सहकाऱ्यांसह सुरू केला. २००८ साली वृत्तपत्रांतून त्याचा ‘बारा डॉलरांचा संगणक’ म्हणून बोलबाला झाला. त्यामागील तर्क बिनतोड होता. १९७५ साली चक पेडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ डॉलरांस विकावयास काढलेला ६५०२ हा प्रक्रियक ज्या यंत्रांत राबला, त्यांत ॲपल २ होते आणि निन्टेंडोचे हे खेळयंत्रही; एक जर शाळेत बसविता येते, तर दुसरे का नाही? परंतु तोवर स्वस्त मोबाइल फोन घरोघर पोहोचू लागले होते, आणि फोनला कळफलकाची सबब लागत नाही.

आमचे यंत्र कधीच मोडीत गेले. जालन्यात भंगाराला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. ज्यांच्या माळ्यावर तसला करडा कळफलक अद्याप पडून असेल, त्यांनी तो खुशाल भंगारवाल्याला द्यावा. मात्र त्याच्या खाली एखादी दोनशे पानी वही सापडली आणि तिच्यात दहा, वीस, तीस असे आकडे घातलेल्या ओळी दिसल्या, तर रद्दीच्या तराजूत टाकण्यापूर्वी ती ज्याच्या हस्ताक्षरात आहे त्याला एकदा दाखवावी, एवढीच विनंती.