न दिसणारा रक्तस्राव

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी जतन केलेल्या आहेत. रुग्णाची लक्षणे, त्याच्यावरील उपचार आणि विकारग्रस्त डोळ्यांची चित्रे त्यांत आढळतात. आधी नीट पाहावे, पाहिलेले टिपून ठेवावे, ही दृष्टी त्यांतून प्रकट होते. डोळा निदान बाहेरून दिसतो. जठराच्या आतील विकार मात्र दीर्घकाळ नजरेआडच राहिले.

अशा विकारांपैकी एक म्हणजे जठरातील रक्तवाहिन्यांची विकृती. जठराच्या शेवटच्या भागातील अस्तरात असलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या काही व्यक्तींमध्ये फुगतात आणि त्यांतून रक्त पाझरू लागते. वृद्ध स्त्रिया, तसेच यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे जुनाट विकार असलेले रुग्ण यांच्यात ही विकृती अधिक आढळते. पोटात दुखतेच असे नाही. रुग्णाला केवळ थकवा येतो, धाप लागते, चेहरा फिकट पडतो.

थोड्या रक्ताने एवढे काय बिघडते? एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. आहारातून शरीर दिवसाला साधारण एक ते दोन मिलिग्रॅम लोहच शोषून घेते. म्हणजे रोज दोन लहान चमचे, सुमारे दहा मिलिलिटर रक्त गेले, तर पाच मिलिग्रॅम लोह जाते. जमेपेक्षा खर्च वाढतो आणि रक्तक्षय होतो. इतके थोडे रक्त शौचातून जात असता डोळ्यांना दिसतही नाही. रक्तस्राव वाढला, तर शौच डांबरासारखे काळे होते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होत असल्याने केवळ रंगावरून निष्कर्ष काढू नये.

१९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी लवचीक दुर्बीण तयार केली आणि जठराचे अंतरंग पाहणे सुकर झाले. या विकृतीत जठरावर कलिंगडाच्या सालीप्रमाणे लांबट लाल पट्टे दिसतात. म्हणून १९८४ मध्ये तिला ‘कलिंगडी जठर’ या अर्थाचे इंग्रजी नाव मिळाले. आता दुर्बिणीतूनच आर्गॉन वायू व विद्युतप्रवाह यांच्या साहाय्याने या रक्तवाहिन्या भाजून बंद करता येतात. हा उपचार अनेकदा पुन्हा करावा लागतो.

लोहाच्या गोळ्या आवश्यक असतात. परंतु त्या झीज भरून काढतात, गळती थांबवत नाहीत. गळक्या घागरीत पाणी ओतत राहण्यापेक्षा तिचे छिद्र शोधणे शहाणपणाचे. म्हणून रक्तक्षय वारंवार होत असेल, तर ‘अशक्तपणा आहे’ एवढ्यावर समाधान न मानता त्याचे कारण डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.