गप्प उभा आहे, म्हणून निवांत आहे?

एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीकडे सरकू लागला की कुत्र्यांच्या ग्रूमरकडे एक विनंती हमखास येते : "सगळे केस काढून टाका, फार उकडतंय त्याला." विनंती मायेपोटीच असते. तिच्यामागची समजूत मात्र चुकीची आहे, आणि अशा समजुती आणखीही आहेत.

गैरसमज : केस भादरले की कुत्र्याला गार वाटतं.
लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, हस्की, पॉमेरेनियन यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : वर राठ केस, खाली मऊ लोकर. वरचा थर ऊन अडवतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे केस काढून फारसं काही साधत नाही, कातडी मात्र उन्हात उघडी पडते. काहींचे केस नंतर कित्येक महिने नीट उगवत नाहीत. या जातींना गरज असते ती सुटलेली लोकर ब्रशने विंचरून काढण्याची. शिह त्झूसारख्या, केस सतत वाढणाऱ्या जातींना मात्र कात्री लागतेच.

गैरसमज : आपला शाम्पू त्यालाही चालतो.
माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मी असते. कुत्र्याची त्याहून पातळ आणि साधारण उदासीन. आपल्या शाम्पूने ती कोरडी पडते, खाज सुटते.

गैरसमज : आंघोळ घातली की गोचीड जातात.
वेताळ टेकडीवरून फिरून आलेल्या कुत्र्याचे कान आणि बोटांमधल्या फटी बोटांनी चाचपून पाहाव्या लागतात. साध्या आंघोळीने गोचीड मरत नाहीत. शिवाय मादी अंडी घालते ती कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर भिंतीच्या भेगांत, आणि तीही हजारोंनी. म्हणून पशुवैद्याने दिलेलं औषध आणि घराची सफाई, दोन्ही लागतं. गोचिडांमधून एर्लिकिओसिस आणि बॅबेसिओसिस हे जीवघेणे ठरू शकणारे आजार होतात.

गैरसमज : ग्रूमरच्या टेबलावर हलत नाही, म्हणजे त्याला त्रास होत नाही.
सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. भ्यालेला कुत्रा दर वेळी गुरगुरतोच असं नाही. पुष्कळदा तो थिजतो. ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, कान मागे, शेपूट पोटाशी, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं या भीतीच्या खुणा आहेत. अशा वेळी चौघांनी धरून काम उरकलं, तर पुढच्या खेपेला तो दारातच अडतो किंवा चावतो. अमेरिकी पशुवैद्य सोफिया यिन यांनी 2009 च्या आपल्या पुस्तकात कुत्र्या-मांजरांना कमी ताण देत हाताळण्याच्या पद्धती सविस्तर मांडल्या : पायाखाली न घसरणारी चटई, शरीराला नीट आधार, आवडीचा खाऊ आणि भीती दिसताच थांबण्याची तयारी.

गैरसमज : गुंगीची गोळी दिली की प्रश्न मिटला.
एसप्रोमाझिन वर्षानुवर्षं यासाठी दिलं जातं. त्याने अंग सुस्त पडतं, भीती मात्र आत तशीच राहू शकते, रक्तदाबही उतरतो. भीती कमी करणारी औषधं निराळी आहेत, ती पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावीत.

नखं कापून घेण्याची सवय मात्र औषधाविना, घरीच लावता येते. पहिले काही दिवस फक्त पंजा हातात घेऊन खाऊ द्यावा, मग नखाला कटर नुसता टेकवावा, मग एकच नख कापावं. काळ्या नखात आतली रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून अगदी पातळ काप घ्यावेत. मधोमध गडद ठिपका दिसला की तिथेच थांबावं आणि उरलेली नखं दुसऱ्या दिवशी घ्यावीत.