मुरलेला द्राक्षरस आणि नेवाशाचे खापर

वर्गात एकदा 'मुरणे' हे क्रियापद समजावून सांगत होतो. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, पाणी जमिनीत मुरते आणि राजकारणी तर मुरलेलाच असतो! विद्यार्थ्यांनी उदाहरणांची रास घातली. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने हळूच विचारले, "सर, दारू मुरते का हो?" वर्ग हसला. प्रश्न चेष्टेचा होता. परंतु त्याचे उत्तर चेष्टेचे नव्हते.

मुरते, नक्कीच मुरते! इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या प्रदेशाला कांपानिया म्हणतात. तेथील डोंगरउतारावर आल्यानिको जातीची काळी द्राक्षे होतात आणि त्यांपासून 'ताउरासी' नावाची तांबडी वाइन करतात. द्राक्षे चिरडून रस सालींसकट आंबू देतात. रंग येतो तो सालींचा. तुरटपणा येतो तो साली आणि बियांचा. नवी असताना ही वाइन आवळ्यासारखी जीभ आवळून धरते. पण गंमत अशी, की हा तुरटपणाच तिला दीर्घायुषी करतो. लाकडी पिंपात आणि पुढे बाटलीत वर्षे लोटली म्हणजे तो मवाळ होतो, गाळ तळाशी बसतो आणि चव खोल होते. तीन वर्षे पुरी होण्याआधी ती विकावयाचीच नाही, असा तेथे कायदा आहे. चांगल्या वर्षीची वाइन वीस वर्षेही टिकते. म्हणजे बापाने भरावी आणि मुलाने उघडावी!

ही हौस आजची नव्हे. इ. स. पूर्व 121 मधले मद्य सुमारे दोनशे वर्षांनंतरही शिल्लक होते आणि ते कडवट मधासारखे घट्ट झाले होते, असे रोमच्या प्लिनीने लिहून ठेवले आहे.

आता आपण म्हणाल, दिवाळीच्या फराळात हे रोमचे पुराण कशाला? तर प्रवराकाठच्या नेवाशाला चला. शके 1212 मध्ये जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेच हे नेवासे. 1954 ते 1956 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळच्या थरांत दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या रोमन रांजणांची खापरे निघाली. भारतात सापडलेल्या अशा कित्येक खापरांच्या मातीत ज्वालामुखीची काळी वाळू असते. ती कांपानियाची खूण! मात्र असे प्रत्येक खापर रोमन नसते. काही इराणी आखाताकडच्या रांजणांची निघाली आहेत.

हा माल पावसाळी वाऱ्यावर समुद्र ओलांडून येई. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात भडोचला इटलीच्या मद्याची आवड असल्याचे लिहिले आहे. त्याच पुस्तकात आमचे कल्याणही आहे! तेथल्या बंदराची त्या वेळी अडवणूक झाली होती. चुकून शिरलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात. ज्या कल्याणला आपण लोकल बदलण्यापुरते उतरतो, त्याच्यासाठी दोन राज्ये भांडत होती.

हे सारे आपल्याला कळते ते खापरांमुळे. रस आटला, व्यापारी गेले, राज्ये गेली, खापर राहिले. आज कल्याणपासून बदलापूरपर्यंत जागोजागी इमारतींचे पाये खणले जात आहेत. त्या मातीबरोबर काय काय डंपरमध्ये जाते, हे बघावयास कोण थांबतो?

हे सगळे मी वर्गात सांगितले आणि विसरूनही गेलो. पंधरवड्याने तो मागच्या बाकावरचा विद्यार्थी बुवापाड्यात आमच्या दारी उभा! हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक तुकडा. शेजारच्या पायाच्या खड्ड्यातून त्याने तो उचलून आणला होता. मी चष्मा पुसून उलटसुलट पाहिले. मंगलोरी कौल होते.

"सर, रोमन नाही?" त्याने खट्टू होऊन विचारले.

"नाही रे," मी म्हणालो, "पण तू वाकून पाहिलेस ना? बस, आत ये. चकली खा."

काही गोष्टी मुरावयास वेळ लागतो.