वेताळाच्या वहाणा

कॉमिक्समधला मुखवटेवाला वेताळ मुळात जिमी वेल्स व्हायचा होता. जिमी म्हणजे न्यूयॉर्कातला एक रिकामटेकडा श्रीमंत पोरगा, नायिका डायना पामरच्या मागे मागे फिरणारा. दिवसा असा सुस्त आणि रात्री मुखवटा चढवून गुंडांचा कर्दनकाळ, असा लेखकाचा बेत होता. इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या कुणाला हे सांगून बघा, तो तुम्हाला वेड्यात काढेल. मीही काढलं असतं. पण १७ फेब्रुवारी १९३६ पासून अमेरिकी वर्तमानपत्रांत रोज छापून येणाऱ्या वेताळाच्या त्या काळ्या-पांढऱ्या चित्रपट्ट्या यंदाच्या पावसाळ्यात मी पहिल्यापासून ओळीनं वाचल्या. जिमी तिथे आहे. वेताळ येतो तिथे तो जवळपास नसतो, सूचक अशा जागा हेरून गायब होतो. आणि मग कथा ऐन रंगात आलेली असताना लेखकाचं मन बदलतं. वेताळ एकदम दूरच्या जंगलातला निघतो, कवटीच्या गुहेत राहणारा, चार शतकं जुन्या घराण्याचा. बिचाऱ्या जिमीला पुढे काही कामच उरत नाही.

हे कुणी पुसून टाकलेलं नाही. रोजच्या पट्टीत काल छापलेलं आज मागे घेता येत नाही. फक्त त्यावरून पुढे चालत राहायचं.

लेखक होता ली फॉक, जन्म १९११चा, सेंट लुईसचा. त्याचा जादूगार मॅन्ड्रेक जून १९३४ मध्येच सुरू झालेला होता, आणि किंग फीचर्स या वितरण संस्थेला त्याच्याकडून आणखी एक नायक हवा होता. त्या काळात फॉकची जी ओळख छापली जाई, तीत तो अनुभवी जगप्रवासी, पौर्वात्य गूढविद्येच्या जाणकारांकडे शिकलेला वगैरे होता. ती सगळी थाप होती, आणि ती त्यानं स्वतःच मारलेली होती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या जंगलात आपण लहानपणी झाडन् झाड ओळखत होतो, ते मिसिसिपीच्या काठच्या एका पंचविशीतल्या, फारसं जग न पाहिलेल्या तरुणानं किपलिंगचा मोगली, टारझन आणि राजा आर्थरच्या कथा एकत्र कालवून उभं केलेलं होतं. त्या जंगलातल्या बुटक्या बंदर जमातीचं नाव वाचताना किपलिंगची माकडं आठवल्याशिवाय राहत नाहीत.

पहिली कथा ७ नोव्हेंबर १९३६ पर्यंत चालली. म्हणजे जवळपास नऊ महिने, रोज तीन-चार चौकटी. डायना समुद्रसफरीवरून येतेय आणि तिच्याबरोबर असलेल्या मौल्यवान मालावर चाच्यांचा डोळा आहे, हे कथेचं बीज. तो माल म्हणजे सोनं नाही की हिरे नाहीत, तर अंबरग्रीस. परदेशी वाचकाला इथे तळटीप लागत असेल, आपल्याला लागत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या बातम्यांत ‘व्हेल माशाची उलटी’ विकायला निघालेले कितीतरी जण पकडले गेल्याचं आपण वाचत असतो. तोच हा माल. अत्तरवाल्यांसाठी तेव्हाही त्याला सोन्याचा भाव होता.

आणि चाचे कोण? सिंग. सिंग बंधुसंघ, हेच कथेचं नाव. पहिल्या वेताळाच्या बापाला याच टोळीनं मारलं, मुलगा लाटांनी किनाऱ्यावर फेकला गेला, त्यानं मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली. पुढे या घटनेला १५३६ हे साल पक्कं झालं. आता बघा, १५३६ साली गुरू नानक हयात होते आणि खालसा पंथाच्या स्थापनेला अजून १६३ वर्षं होती. सिंग म्हणवणारे राजपूत होते, पण राजपुतान्याला समुद्र नाही. सेंट लुईसच्या टेबलावर बसून ‘हिंदी’ वाटणारं एक नाव हवं होतं, ते मिळालं, प्रश्न मिटला.

जंगलाचं नावही असंच. सुरुवातीला ते बंगालसारखं ऐकू येतं, ठिकाण पूर्वेकडचं, हिंदुस्थान आणि डच वसाहतींच्या मध्ये कुठेतरी. तिथे वाघ असू शकतो, सिंहही असू शकतो. १९३८ मध्ये वेताळ थेट हिमालयात एका संस्थानिकाच्या कैदेत जाऊन पडतो. म्हणजे सुरुवातीची दोनेक वर्षं वेताळ जवळजवळ आपल्या शेजारचा होता. आफ्रिकेत तो नंतर, हळूहळू, कुणी ठराव न करता सरकला.

सलग वाचताना एक अडचण येते आणि तीच पुढे गंमत होते. प्रत्येक पट्टीच्या पहिल्या चौकटीत कालचं थोडं सांगायचं आणि शेवटच्या चौकटीत उद्यासाठी खुंटी मारून ठेवायची, हा या धंद्याचा नियम. वाचकाचा कालचा अंक चुकलेला असणार हे धरूनच चालायचं. त्यामुळे एका बैठकीत पन्नास पट्ट्या वाचल्या की कुणीतरी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा कानाशी सांगतंय असं वाटतं. मी शेवटी रोज सकाळी चहाबरोबर सहा पट्ट्या असा रतीब लावून घेतला, आणि कथेला श्वास आला. कीर्तन कॅसेटवर सलग ऐकणं आणि सप्ताहात रोज संध्याकाळी जाऊन ऐकणं यात जो फरक, तोच.

चित्रं रे मूरची. माझ्या पिढीनं वेताळ पाहिला तो मुख्यतः साय बॅरीचा, ज्यानं १९६१ मध्ये सूत्रं घेतली आणि १९९४ पर्यंत सोडली नाहीत. ठसठशीत जबडा, स्वच्छ रेषा, राजदूताला शोभेल असा वेताळ. मूरचा वेताळ अंधारातला. अर्धी चौकट काळी, दारात एक उभी आकृती, दिव्याचा उजेड फक्त हातावर. मुखवट्यामागे बाहुल्या नसलेले पांढरे डोळे आहेत, ही कल्पना फॉकला जुन्या ग्रीक पुतळ्यांवरून सुचली होती. पुढे बॅटमनपासून किती जणांनी ते डोळे उचलले, त्याची मोजदाद नको. अंगाला चिकटलेला पोशाखही आधी याचाच. सुपरमॅन छापून आला जून १९३८ मध्ये. तो पोशाख फॉकच्या मनात करडा होता. मे १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली तेव्हा छापखान्यानं तो जांभळा केला. इटलीत लाल, स्वीडनमध्ये निळा. जंगलात लपायला यातला एकही रंग उपयोगाचा नाही, पण त्याबद्दल तक्रार केलेलं मूल मला अजून भेटलेलं नाही.

मात्र खरा धक्का वेताळाच्या स्वभावाचा. दुसरी कथा, नोव्हेंबर १९३६ ते एप्रिल १९३७, विमानांतून लूट करणाऱ्या बायकांच्या टोळीची आहे. तिची म्होरकी एक बॅरोनेस, तिची साथीदार साला. दोघींचाही वेताळावर जीव जडतो, आणि हे महाशय त्याचा पुरेपूर फायदा उठवतात. हसतात, थट्टा करतात, चुकतात, मार खातात. आपला वेताळ न्यायनिवाडा करणारा, कमी बोलणारा, जंगलाच्या जुन्या म्हणींतून ज्याचा दरारा कळायचा असा. मूळचा वेताळ चक्क पंचविशीचा वाटतो. मला तो जास्त आवडला, हे कबूल करतो. डायनाही. पुढे ती संयुक्त राष्ट्रांत नोकरी करणारी शहाणी बाई झाली. इथली डायना स्वतः साहस शोधत जाणारी आहे.

बापामागून मुलगा असं चालत आलेल्या या घराण्यातला आपला वेताळ एकविसावा, हा आकडा मी लहानपणी कधी तपासला नव्हता. १५३६ ते १९३६, चारशे वर्षांत वीस पिढ्या संपल्या. म्हणजे एकेका वेताळाच्या वाट्याला सरासरी वीस वर्षांची गादी. अमर समजल्या जाणाऱ्या या माणसाच्या घराण्यात म्हातारपण जवळजवळ कुणी पाहिलेलं नाही. गुहेतल्या त्या थडग्यांच्या रांगेकडे आता वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं.

जे टोचतं तेही सांगायला हवं. एक गोरा माणूस सिंहासनावर आणि काळ्या, बुटक्या, भाबड्या माणसांचा त्याच्यावर आंधळा विश्वास, ही मांडणी पहिल्या वर्षापासून आहे. ‘तो काळच तसा होता’ म्हणून ती पचत नाही. आम्ही ती तेव्हा पचवली कशी, याचं उत्तर थोडं मुंबईत आहे.

टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेनं मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. किंमत ६० पैसे, पहिल्या अंकात वेताळाच्या कमरपट्ट्याची कथा. तिच्यात वेताळाच्या बापाचा खुनी आहे, आणि मुळात त्याचं नाव राम. ते ‘रामलू’ झालं. सिंग चाचे ‘सिंगा’ झाले. बंगालची आठवण करून देणाऱ्या देशाचं झालं ‘डेंकाली’. कारणं उघड आहेत. रामाला खुनी आणि सिंगांना लुटारू म्हणून ६० पैशांना पोरांच्या हातात कोण देणार? पण परिणाम बघा. जो साहेब आपल्याच समुद्रावर आपल्याच नावाच्या माणसांना बडवत होता, तो या तीन-चार शब्दांनी दूर कुठेतरी नेऊन ठेवला गेला. खलनायक आपले उरले नाहीत, म्हणून नायक आपला होऊ शकला. इंद्रजाल चाललं १९९० पर्यंत, आठशेवर अंक, मराठीसह अनेक भाषांत.

आणि याच काळात उलट दिशेचं एक काम झालं. इंग्रजीतल्या त्याच्या बिरुदाचा अर्थ ‘चालणारं भूत’. त्याला आपल्याकडे नाव मिळालं वेताळ. विक्रमाच्या गोष्टीतला वेताळ कुणाच्याही मनात आधी येतो, हिंदी वाचकाच्या तर तोच येणार. पण तो झाडाला उलटा लटकतो आणि दुसऱ्याच्या पाठीवर बसून जातो. स्वतः चालत नाही. चालणारा वेताळ आपल्याकडे वेगळा आहे. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबा आहे, माणसाहून उंच, गावाचा राखणदार. तो रात्री गावाभोवती फेरी मारतो, म्हणून भक्त त्याला केळ्यांच्या घडांबरोबर भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात, आणि त्या चालून झिजतात अशी श्रद्धा आहे. गोव्यात आमोण्याला, प्रियोळला, पैंगिणीला तोच बेताळ. भुतांचा राजा, पण गावाच्या बाजूचा. वाईट माणसाला त्याची भीती, भल्याला आधार.

फॉकनं जे चारशे वर्षांची वंशावळ रचून सिद्ध केलं, ते कोकणातल्या वाचकाला एका शब्दात मिळालं होतं. नाव ठेवणाऱ्याच्या मनात आरवली होती असा माझा दावा नाही, बहुधा विक्रमच असेल. पण शब्द आपली गावं बरोबर घेऊन येतो. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात वाघी लोकांनी आपल्या लढाईच्या ढालींवर याच मुखवटेवाल्याचं चित्र रंगवलं, त्याला न मरणारा पूर्वज मानून. आपण ढाल रंगवली नाही, नाव दिलं.

इंग्रजी पट्ट्या हर्मिस प्रेसनं २०१० पासून ग्रंथरूपात आणल्या आहेत, त्यामुळे मूरचा वेताळ आता हरवणार नाही. मराठी वेताळाचं तसं नाही. तो कुणाच्या तरी माळ्यावर, कुणा वाचनालयाच्या मागच्या खोलीत, दोऱ्यानं शिवलेल्या गठ्ठ्यात पडून आहे, फुग्यांतल्या त्या ठसकेबाज मराठीसकट. तुमच्याकडे असा गठ्ठा असेल तर या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. आधी त्याचा प्रत्येक अंक, मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, स्कॅन करून घ्या.