लेझीम पथक

मुलांनो, 'लेझीम' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. तो फारसी भाषेतून आला आहे. दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेली कमान म्हणजे लेझम. पूर्वी ती ओढून व्यायाम करीत. आता लाकडी दांडा, साखळी आणि तिच्यात ओवलेल्या धातूच्या चकत्या, अशी लेझीम शाळेच्या मैदानावर दिसते.

चकलांबा हे बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यातले गाव. अशा गावांत प्रभातफेरी निघते, तेव्हा पुढे लेझीम पथक शोभून दिसते. मराठवाड्यात १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीप्रमाणे १७ सप्टेंबरलाही झेंडावंदन होते. कारण १९४८ साली त्या दिवशी हैदराबाद संस्थानातील मराठवाडा मुक्त झाला.

लेझीम एकट्याने खेळण्यात मौज नाही. हलगीच्या ठेक्यावर सर्वांचे पाय एकदम पडले पाहिजेत. एकाची साखळी उशिरा वाजली, तर साऱ्या रांगेचा ताल बिघडतो. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा एखादे दिवशी आला नाही, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पथकात मात्र त्याची जागा रिकामी दिसते. 'माझ्यावाचून रांग अपुरी आहे,' हे त्याला येथे कळते. मग तो वेळेवर येतो, मान वर करून चालतो.

म्हणून ठेका चुकणाऱ्याला हसू नका. सुट्टीत त्याच्याबरोबर पुन्हा सराव करा. तो शिकला, तरच तुमचे पथक तालात चालेल.