उद्यानांतील कुत्रा : बांधावा कीं सोडावा?

"घाबरूं नका, तो कांहीं करीत नाहीं." हें वाक्य ज्यानें सार्वजनिक उद्यानांत ऐकलें नसेल असा नगरवासी आज विरळा. वाक्य उच्चारणारे सद्गृहस्थ बहुधा चाळीस-पन्नास पावलांवर असतात, त्यांच्या हातांत रिकामी साखळी लोंबत असते, आणि ज्याच्याविषयीं ही ग्वाही दिली जाते तो प्राणी तोंवर पुढचे दोन्ही पाय आपल्या छातीशीं टेकून उभा असतो. गेल्या श्रावणांत आमच्या थोरल्या वहिनींनीं हें वाक्य ऐकलें तें खालीं पडतां पडतां. कुत्रा खरोखरच कांहीं करणारा नव्हता. तो चावला नाहीं, भुंकलाहि नाहीं. लाडानें अंगावर आला, इतकेंच. परंतु वहिनींचें वय त्र्याहत्तर, वाट ओली, आणि उजव्या मनगटाचें हाड मोडावयास तेवढें पुरेसें झालें. हाड दीड महिन्यांत सांधलें. उद्यानांत जाणें मात्र सुटलें तें सुटलेंच.

या प्रकरणावरून घरांत जो वाद माजला त्याला विशेष धार आली, कारण आमच्या घरांतहि एक कुत्रा आहे. धाकट्या पुतण्याचा मोत्या लॅब्रॅडोर जातीचा असून त्याला चौथें वर्ष लागलें आहे. पुतण्या रोज पहांटे त्याला टेकडीवर नेऊन मोकळा सोडीत असे. हकीकत ऐकतांच, "मोठी आई, तो खेळायलाच आला असणार," असें त्याच्या तोंडून निघून गेलें. वहिनी रागावल्या नाहींत. त्या म्हणाल्या, "खेळायला आला, हें त्याला ठाऊक, त्याच्या धन्याला ठाऊक. मला तें कसें ठाऊक असावें?" त्यावर कोणालाच कांहीं बोलतां आलें नाहीं.

प्रथम कुत्र्याची बाजू ऐकून घेतली पाहिजे, कारण ती त्याला स्वतः मांडतां येत नाहीं. लॅब्रॅडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्यांबरोबर थंड पाण्यांत पोहत, निसटलेले मासे व जाळ्यांच्या दोऱ्या ओढून आणीत. पुढें इंग्लंडांत शिकाऱ्यांनीं ही जात टिपलेले पक्षी आणून देण्यासाठीं जोपासली. अशा प्राण्याला दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ठेवावयाचें आणि दिवसांतून दोनदां, चार हातांच्या पट्ट्याला बांधून, माणसाच्या चालीनें कोपऱ्यापर्यंत फिरवून आणावयाचें, याला व्यायाम म्हणणें कठीण आहे. शिवाय बांधलेला कुत्रा दुसऱ्या कुत्र्याला नीट भेटूंहि शकत नाहीं. मोकळे कुत्रे परस्परांकडे सरळ चालून जात नाहींत. थोडें वळण घेऊन, बाजूनें येऊन हुंगतात, नको असेल तर मागें सरतात. पट्टा ताणलेला असला कीं वळणहि घेतां येत नाहीं आणि माघारहि घेतां येत नाहीं. उरतें तें भुंकणें. साखळीवर अनावर होणारे पुष्कळ कुत्रे सोडल्यावर निमूटपणें खेळूं लागतात, याचें कारण हेंच. आपल्या कायद्यालाहि ही जाणीव आहे. प्राण्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीनें अवाजवी काळ बांधून ठेवणें हा १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक अधिनियमाच्या ११ व्या कलमान्वयें क्रूरपणा ठरतो.

आतां माणसांची बाजू. कुत्र्याला भिणें हा आपल्या देशांत भित्रेपणाचा प्रकार नव्हे. अलर्काचीं, म्हणजे रेबीजचीं, लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी वांचणें जवळजवळ अशक्य. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत या रोगानें होणाऱ्या मृत्यूंपैकीं एक तृतीयांशाहून अधिक एकट्या भारतांत होतात. समोर येणाऱ्या कुत्र्याला लस टोंचलेली आहे कीं नाहीं हें त्याच्या कपाळावर लिहिलेलें नसतें. मोठ्या माणसाच्या मांडीला लागणारा दांत लहान मुलाच्या गालाला लागतो, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे. ज्या मातेनें हें एकदां पाहिलें तिला कुत्र्याच्या सौजन्याची कितीहि वर्णनें ऐकविलीं तरी व्यर्थ. प्राण्याच्या बाबतींत योग्य ती खबरदारी न घेणाऱ्याला भारतीय न्यायसंहितेच्या २९१ व्या कलमाखालीं सहा महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊं शकतात. परंतु मोडलेल्या मनगटासाठीं कोर्टाची पायरी कोण चढतो?

महाभारताच्या आरंभींच, आदिपर्वांत, एका कुत्र्याचें गाऱ्हाणें आहे. जनमेजय कुरुक्षेत्रीं सत्र करीत असतां सरमेचा पुत्र तेथें आला आणि राजाच्या भावांनीं त्याला मारिलें. तो रडत आईकडे गेला. येथें सरमेचें वर्तन पाहण्याजोगें आहे. ती तत्काळ भांडावयास धांवली नाहीं. तिनें आधीं मुलालाच विचारलें, तूं कांहीं अपराध केला असशील. हविर्द्रव्याकडे आपण पाहिलेंहि नाहीं, तें चाटलेंहि नाहीं, असें त्यानें सांगितल्यावरच ती यज्ञभूमीवर गेली, आणि कोणी उत्तर देईना तेव्हां तिनें राजाला अवचित भय प्राप्त होईल असा शाप दिला. निरपराध कुत्र्याला मारणाऱ्यांना ही कथा बोंचावी, हें तर खरेंच. पण मला ती आजच्या श्वानप्रेमी मंडळींना अधिक ऐकवावीशी वाटते. आधीं आपल्याच पोराची उलटतपासणी घेणारे धनी उद्यानांत किती भेटतात?

हा तंटा आपल्याच गांवचा आहे असें नव्हे. न्यूयॉर्क शहरीं तो पुष्कळ वर्षें चालून त्यांतून एक तोड निघाली, ती समजून घेण्यासारखी आहे. तेथें सार्वजनिक जागीं कुत्र्याच्या पट्ट्याची लांबी सहा फुटांहून अधिक असूं नये असा नियम. तथापि उद्यानखात्यानें जवळजवळ वीस वर्षें, नियम न बदलतां, कांहीं उद्यानांच्या ठराविक भागांत सकाळीं ९ पर्यंत आणि रात्रीं ९ नंतर मोकळ्या कुत्र्यांकडे कानाडोळा केला. २००६ सालीं क्वीन्स भागांतील रहिवाशांच्या एका संस्थेनें यावर दावा लावला. न्यायालयानें उद्यानखात्याची बाजू उचलून धरली. आरोग्य मंडळानें आपला नियम सुधारला, आणि २००७ पासून हा कानाडोळा रीतसर नियम झाला. कुत्र्याचा परवाना हवा, अलर्काची लस टोंचल्याचा दाखला हवा, आणि नेमल्या वेळेबाहेर, नेमल्या जागेबाहेर पट्टा हवाच. शिवाय कुंपण घातलेलीं श्वानांगणें निराळीं आहेत. त्यांतलें पहिलें टॉम्पकिन्स स्क्वेअर उद्यानांत १९९० सालीं झालें. कुत्र्याची घाण धन्यानेंच उचलावी हा कायदा तर तेथें १९७८ पासून आहे.

या व्यवस्थेंतलें मर्म मला असें वाटतें कीं तिनें कोणाच्याहि स्वभावाची परीक्षा घेतलेली नाहीं. कुत्रा गुणी कीं द्वाड, म्हातारी धीट कीं भित्री, हे प्रश्नच तिनें बाजूला ठेविले आणि घड्याळाचा कांटा पुढें केला. दहा वाजतां तेथें गेलेल्या माणसाला मोकळा कुत्रा भेटणार नाहीं एवढें आश्वासन असतें. सातला गेला तर तो जाणूनबुजून गेलेला असतो. बारा माणसांच्या घरांत एकच न्हाणीघर असलें म्हणजे जें शहाणपण आपोआप येतें, तेंच हें.

नियम असले म्हणजे कलह मिटतात, असें मात्र नाहीं. मे २०२० मध्यें त्याच शहरांतल्या सेंट्रल पार्कच्या 'रॅम्बल' नांवाच्या दाट झाडीच्या भागांत एका पक्षिनिरीक्षकानें एका बाईंना कुत्र्याला पट्टा लावावयाची विनंती केली. त्या भागांत पट्टा सदैव आवश्यक आहे, कारण तेथें पक्ष्यांचा मोठा राबता असतो. बाईंनीं पट्टा लावण्याऐवजीं पोलिसांना दूरध्वनि करून, एक कृष्णवर्णी मनुष्य आपल्या जिवावर उठला आहे, असें कळविलें. त्या गृहस्थांनीं घेतलेलें चलच्चित्र जगभर पाहिलें गेलें, बाईंची नोकरी गेली, आणि खोट्या तक्रारीचा खटला उभा राहून पुढच्या वर्षीं तो काढून घेण्यांत आला. सहा फुटांच्या पट्ट्याला माणसामाणसांतला किती जुना द्वेष गुंडाळलेला असूं शकतो, तें त्या दिवशीं दिसलें.

न्यूयॉर्कचें वेळापत्रक जसेंच्या तसें येथें आणावें, असें कोणी सुचवील तर त्याला माझा विरोध आहे. आपल्या उन्हाच्या देशांत सकाळीं सहा ते नऊ हीच वृद्धांची, गरोदर स्त्रियांची, मधुमेह्यांची फिरावयाची वेळ. तीच कुत्र्यांना दिली तर वहिनींसारख्यांनीं जावें कोठें? दुपार द्यावी तर तापलेल्या फरशीनें कुत्र्याचेच पाय पोळतील. दुसरी अडचण भटक्या कुत्र्यांची. आपल्या उद्यानांत त्यांची वस्ती असते, त्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. मोकळा पाळीव कुत्रा त्या हद्दींत शिरला कीं मारामारी ठरलेली. गोचीड आणि पार्व्हो, डिस्टेंपर यांसारखे रोग घेऊन येणें तें निराळेंच. तेव्हां आपल्याकडे केवळ वेळ नेमून भागणार नाहीं. जागा कुंपणानें वेगळी काढली पाहिजे, आणि तिला एकामागें एक अशीं दोन दारें असलीं पाहिजेत, म्हणजे एक उघडतांना दुसरें लागलेलें राहील. हें अशक्य नाहीं. हैदराबादेस कोंडापूर भागांत २०१८ सालीं तेथील महापालिकेनें खास कुत्र्यांसाठीं उद्यान उघडलें. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानेंहि २०१५ च्या आपल्या सूचनांत, गृहनिर्माण संस्थांनीं आपल्या बागांत पाळीव प्राण्यांना सरसकट बंदी करूं नये, वाजवी वेळा ठरवाव्यात, अशा आशयाचें सांगितलें आहे. दारावर 'कुत्र्यांस मनाई' अशी पाटी ठोकून जबाबदारी संपत नाहीं. पाटीमुळें कुत्रे नाहींसे होत नाहींत. ते चोरून येतात, आणि चोरून आलेल्याला कोणताच नियम लागू नसतो.

राहतां राहिली टेकडी. टेकडी कोणाचीच नव्हे, म्हणून तेथें सर्व चालतें, अशी आमच्या पुतण्याची समजूत होती. टिटवी आपलीं अंडीं उघड्या जमिनीवर, खड्यांच्या खळग्यांत घालते, हें मीं त्याला एका उन्हाळ्यांत प्रत्यक्ष दाखविलें होतें. मोत्या चार पावलांवर असतां ती जोडी डोक्यावर घिरट्या घालून जो आकांत करीत होती, तो ऐकून तो ओशाळला होता. पण दुसऱ्या दिवशीं कुत्रा पुन्हां मोकळाच. वहिनींचें मनगट प्लास्टरमध्यें गेल्यापासून मात्र मोत्याला टेकडीवर तीस फुटांचा दोर असतो. तो पूर्वींइतका धांवत नाहीं, आणि त्याचें वाईट घरांत सर्वांत अधिक वहिनींनाच वाटतें.

म्हणूनच उद्यानाच्या मागच्या बाजूस, पडीक असलेल्या कोपऱ्याला कुंपण घालून तो कुत्र्यांसाठीं राखावा, आणि बाकीच्या उद्यानांत पट्ट्याची सक्ती खरोखर पाळली जावी, असा अर्ज आमच्या आळीनें महापालिकेकडे धाडला आहे. मसुदा पुतण्यानें लिहिला. एकसष्ट सह्या झाल्या. पहिली सही वहिनींची आहे. मनगट अजून पुरतें वळत नाहीं, त्यामुळें अक्षर तिरपें आलें आहे. अर्जाला दोन महिने झाले. पोंच मिळाली आहे. उत्तराची वाट पाहत आहों.